जॅग्वार म्हातारी कशी झाली

19 नोव्हेंबर 2024 रोजी जॅग्वारने नवं बोधचिन्ह आणि अर्ध्या मिनिटाची एक चित्रफीत प्रसिद्ध केली. भडक रंगांच्या चित्रविचित्र कपड्यांतली मंडळी, गंभीर चेहरे आणि गाडी मात्र एकही नाही. ‘तुम्ही गाड्या विकता का?’ असं इलॉन मस्क यांनी विचारलं आणि जगभर टिंगल झाली. खरं तर ब्रिटनमध्ये त्याच महिन्यात नव्या जॅग्वारची विक्री थांबवण्यात आली होती, त्यामुळे तिथल्यापुरतं उत्तर ‘सध्या नाही’ असंच होतं. एखादी कंपनी दुकान बंद ठेवून स्वतःला नव्याने रंगवायला घेते, तेव्हा दुखणं जुनं असतं. जॅग्वार म्हणजे निवृत्तीला टेकलेल्या साहेबाची गाडी, हा शिक्का पुसण्यासाठी ती अनेक वर्षं धडपडते आहे. गंमत अशी, की या घराण्याची सुरुवात खिशात फारसं काही नसलेल्या तरुणांपासून झाली.

1922 मध्ये ब्लॅकपूल इथे विल्यम लायन्स आणि विल्यम वॉल्म्सली यांनी मोटारसायकलचे साइडकार बनवायला सुरुवात केली. लायन्स तेव्हा जेमतेम 21 वर्षांचे. बँकेने हजार पौंड दिले तेही दोघांच्या वडिलांनी हमी घेतली म्हणून. पुढे ऑस्टिन सेव्हनसारख्या साध्या छोट्या गाडीवर ते देखणी, दोन रंगांची बॉडी चढवू लागले. 1931 ची त्यांची एसएस वन तर हजार पौंडांची वाटायची आणि मिळायची 310 पौंडांना. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, आणि इंजिन स्टँडर्ड मोटर कंपनीचं. वरचा पत्रा मात्र लायन्स यांच्या नजरेतून उतरलेला.

‘जॅग्वार’ हे नाव आलं 1935 मध्ये. लंडनच्या मेफेअर हॉटेलात नवी गाडी दाखवली, तेव्हा जमलेल्या पाहुण्यांना तिची किंमत ओळखायला सांगितलं. अंदाजांची सरासरी सहाशे पौंडांच्या वर गेली. किंमत चारशेच्या आतच होती. माझ्या मते जॅग्वारचं सगळं मर्म या एका प्रसंगात आहे: पाहणाऱ्याला वाटावं त्यापेक्षा कितीतरी स्वस्त. तरुणांना त्यात आपलाही नंबर लागू शकतो असं वाटायचं, आणि अधूनमधून लागायचाही.

लायन्स कागदावरच्या आराखड्यांत फारसे रमत नसत. कारागिरांकडून पूर्ण आकाराचा नमुना ठोकून घ्यायचा, वॅपनबरी हॉलमधल्या आपल्या घराबाहेर आणून उजेडात उभा करायचा, भोवती फिरून एखादी रेषा अर्ध्या इंचाने खाली घ्यायला सांगायची, ही त्यांची रीत. 1948 ची एक्सके 120 याच नजरेतून आली. करांखेरीज हजार पौंडांच्या आत ताशी 120 मैल, असा सौदा त्या काळी दुसरा नव्हता. पन्नासच्या दशकात फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने पाच वेळा जिंकली. मग मार्च 1961 मध्ये जिनिव्हात ई-टाइप अवतरली. विमानांच्या कारखान्यातून आलेल्या माल्कम सेयर यांनी गणितं मांडून काढलेला तिचा आकार आजही जुना वाटत नाही, आणि किंमत ॲस्टन मार्टिनच्या जवळपास निम्मी. त्याच काळातली मार्क 2 ही चार दारी गाडी लुटारूंची आवडती होती, म्हणून पाठलागासाठी पोलिसांनीही तीच घेतली. तरुण प्रतिमा म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

घसरणीची गोष्ट थोडक्यात सांगता येते. 1968 मध्ये कंपनी ब्रिटिश लेलँडच्या कडबोळ्यात गेली, संप झाले, दर्जा ढासळला. 1984 मध्ये ती पुन्हा स्वतंत्र झाली आणि 1989 मध्ये फोर्डने घेतली. पण लेलँडने केली त्याहून मोठी हानी आठवणींनी केली असं मला वाटतं. 1998 ची एस-टाइप मुद्दाम साठच्या दशकासारखी दिसत होती. 2003 ची एक्सजे तर विलक्षण उदाहरण: ॲल्युमिनियमची, रिव्हेट आणि चिकट द्रव्याने जोडलेली, तंत्रात पुढारलेली बॉडी, बाहेरून मात्र 1968 च्या मूळ एक्सजेचीच छबी. एक्सजे ही मंत्र्यासंत्र्यांची गाडी होऊन बसली होती. ब्रिटनचे तेव्हाचे उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांना तर वृत्तपत्रांनी ‘टू जॅग्ज’, म्हणजे दोन जॅग्वारवाले, असं टोपणनावच दिलं.

तरुणांसाठी म्हणून 2001 मध्ये एक्स-टाइप काढली. तिचा सांगाडा फोर्ड माँडिओवरून घेतलेला, हे सर्वतोमुखी झालं आणि तिथेच घात झाला. 1935 मध्येही आतला भाग परकाच होता. पण तेव्हा स्वस्त गाडी महाग दिसत होती, आता महाग गाडी स्वस्त निघाली.

2008 मध्ये टाटा मोटर्सने जॅग्वार आणि लँड रोव्हर मिळून 2.3 अब्ज डॉलरना घेतल्या. फोर्डच्याच काळात घडलेली, डिझायनर इयान कॅलम यांची एक्सएफ तेव्हा नुकतीच आली होती. तिच्यात स्टार्टचं बटण हृदयाच्या ठोक्यासारखं लाल लुकलुकायचं. ते दाबलं की गिअरचं गोल बटण दोन सीटांमधल्या पट्टीतून वर यायचं आणि एसीच्या जाळ्या आपोआप उघडायच्या. मित्रांना बसवून दाखवावी अशी गंमत. पाठोपाठ 2013 मध्ये एफ-टाइप आली, 2014 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, बेन किंग्जली आणि टॉम हिडलस्टन यांना ब्रिटिश खलनायक करून जाहिरात झाली, आणि 2018 मध्ये विजेवरची आय-पेस आली, जिला पुढच्या वर्षी ‘वर्ल्ड कार ऑफ द इयर’चा मान मिळाला. कौतुक भरपूर झालं. पण बीएमडब्ल्यू, ऑडी, मर्सिडीज ज्या भावाला विकतात त्याच भावाला, त्यांच्यापेक्षा फार कमी गाड्या विकून स्पर्धा परवडत नाही. घर चालवत होती ती लँड रोव्हर.

म्हणून 2021 मध्ये ठरलं: जॅग्वार पूर्ण विजेरी होणार आणि वरच्या किमतीच्या श्रेणीत जाणार. डिसेंबर 2024 मध्ये मायामीत दाखवलेली टाइप 00 ही नमुना गाडी, गुलाबी आणि निळी, मागची काच नसलेली, ही त्याचीच झलक. तिच्यावर आधारलेली पहिली चार दारी गाडी एक लाख पौंडांच्या वर असेल असं कंपनीने सांगितलं आणि जुने ग्राहक बहुतेक गळतील हेही गृहीत धरलं. घोषवाक्य ‘कॉपी नथिंग’ लायन्स यांच्या बोलण्यातून उचललेलं. त्यांचं किमतीचं गणित मात्र उचललेलं नाही. पंचविशीतल्या मुलाने ती गाडी विकत घ्यावी अशी अपेक्षा या किमतीत दिसत नाही. त्याला ती हवीशी वाटावी आणि त्याच्याकडे पाहून पंचेचाळिशीतल्या श्रीमंताने चेकबुक काढावं, एवढाच हिशेब दिसतो.