भावनिक स्वायत्तता (तरुण वयातील)

आपले निर्णय, मते आणि मनःस्थिती आईवडिलांच्या पसंती-नापसंतीवर टांगलेली न राहणे. ‘मुलगा पायावर उभा राहिला’ असे आपण म्हणतो ते बहुधा पगाराबद्दल. ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. स्वतःच्या भाड्याच्या खोलीत राहणारी, कमावती व्यक्तीही आईच्या अबोल्याने दोन-दोन दिवस अस्वस्थ राहू शकते.

मनोविश्लेषक पीटर ब्लॉस यांनी 1967 मध्ये किशोरावस्थेला ‘दुसरे व्यक्तिभवन’, म्हणजे वेगळी व्यक्ती म्हणून दुसऱ्यांदा घडणे, म्हटले. पहिले म्हणजे तान्ह्या वयात आईपासून वेगळे होणे. जेफ्री हॉफमन यांनी 1984 मध्ये याच कल्पनेवर 138 विधानांची प्रश्नावली केली. त्यातली 69 आईविषयी आणि तीच 69 वडिलांविषयी आहेत, कारण दोघांशी असलेले नाते सारखे नसते. तिचे घटक चार: रोजची कामे स्वतः करणे, मते स्वतंत्र असणे, आधाराची व शाबासकीची अवाजवी गरज नसणे, आणि नात्यात अपराधीपणा, राग, चीड यांचे ओझे नसणे. स्वास्थ्याशी सर्वांत घट्ट संबंध या चौथ्याचा दिसतो. घराशी रोज भांडणारा तरुण स्वतंत्र वाटतो, पण भांडण हीसुद्धा एक बांधिलकीच.

मोजणीतली मोठी चूक दुसऱ्या एका प्रश्नावलीत उघड झाली. स्टाइनबर्ग आणि सिल्व्हरबर्ग यांच्या 1986 च्या मापनात आईवडिलांना निर्दोष न मानणे, त्यांच्यावर न विसंबणे यांना गुण मिळतात. रायन आणि लिंच यांनी 1989 मध्ये आक्षेप घेतला: हे गुण स्वायत्ततेचे कमी, तुटलेपणाचे जास्त. घरात विश्वासच उरला नाही, तरी गुण वर जातात. म्हणून जास्त गुण म्हणजे जास्त सुख, असा अर्थ लावू नये.

तुर्की मानसशास्त्रज्ञ चिदम कागितचबाशी यांनी ही गाठ सोडवली. स्वतः ठरवण्याची क्षमता आणि माणसांशी जवळीक हे एकाच दोरीचे दोन शेवट नसून दोन स्वतंत्र अक्ष आहेत. दोन्ही एकत्र वाढू शकतात. मराठी घरांना ही मांडणी अधिक लागू पडते. नोकरी बदलण्याआधी वडिलांना विचारणे हे परावलंबन नव्हे. त्यांनी ‘नको’ म्हटल्यावर काय होते, ते पाहावे: स्वतःशी विचार करून हो-नाही ठरवता येते, की लपवाछपवी सुरू होते? एखाद्याची भावनिक स्वायत्तता जोखायला प्रश्न विचारायचा तो हा.