फूटस्टेप म्हणजे चिलखत नव्हे

थार-जिमनीसारख्या ऑफ-रोड गाडीला दाराखाली फूटस्टेप, म्हणजे चढायची पायरी, लावली की खडकाळ वाटेवर बॉडी वाचते, असं कुर्ल्याच्या गाडी-ॲक्सेसरीच्या दुकानांपासून सोसायटीच्या पार्किंगपर्यंत सगळीकडे छातीठोकपणे सांगतात. होतं बहुतेक वेळा उलटंच. बाजारातली साधी फूटस्टेप माणसाचं वजन पेलते, गाडीचं नव्हे. खाली लोंबत असल्याने दगडाला आधी तीच लागते, पातळ ब्रॅकेट वाकतं आणि नळी दाराखालच्या पत्र्यात घुसते. मग दारही धड लागत नाही. हवा तो रॉक स्लायडर: दाराखालचा जाड पोलादी दांडा, थेट चॅसीला म्हणजे गाडीच्या मुख्य सांगाड्याला पकडलेला. घेताना दुकानदाराला एकच विचारा, यावर जॅक लावून गाडी उचलू का? तो चाचरला तर समजून घ्या. पुढच्या बंपरवर लावतात त्या धातूच्या बुलबारचं तर नावच काढू नका. त्यावर कारवाई करा, असं केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवलंय.