चादरीचा कोपरा आणि जिबचा दोर

चादर वाळत कशी घालायची हे सोलापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. पण पुढच्या वेळी ओली, जड चादर दोरीवर टाकून चिमटे लावलेत की तिचा खालचा एक कोपरा धरून बघा. सरळ खाली ओढला तर बाजूची उभी कड ताठ होते आणि खालची कड सैल पडते. तोच कोपरा जमिनीला समांतर ओढला तर खालची कड तारेसारखी ताणली जाते आणि उभी कड वाऱ्यावर फडफडायला लागते. मधे कुठेतरी एक तिरपी दिशा असते, जिथे दोन्ही कडांना ताण बेताचा मिळतो.

शिडाच्या होडीवर जिबचा ट्रॅक कुठे बसवायचा, हा प्रश्न म्हणजे ही दिशा शोधणं.

जिब म्हणजे डोलकाठीच्या पुढचं तिकोनी शीड. त्याची पुढची कड होडीच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, डोलकाठीवर चढणाऱ्या तारेला अडकवलेली असते. मागचा खालचा कोपरा मोकळा. त्याला बांधलेला दोर डेकवरच्या कप्पीतून खलाशाच्या हातात येतो. या दोराला इंग्रजीत ‘शीट’ म्हणतात. कापडाला नाही, दोराला. ‘शीड’ आणि ‘शीट’ यांचा घोळ आमच्या होडीवर पहिले चार महिने सुरू होता. ‘शीट ओढ’ म्हटलं की कुणीतरी थेट कापडालाच हात घालायचं. तर ही कप्पी पुढे-मागे सरकवता यावी म्हणून डेकच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टी बसवतात, तो शीट ट्रॅक. कप्पी पुढे सरकवली की दोर जास्त खाली ओढतो आणि मागची कड आवळली जाते. मागे सरकवली की खालची कड ताणते, मागची सैल होते आणि शिडाचा शेंडा वाऱ्यासोबत बाहेर वळतो.

शेंडा थोडा वळलेला हवाच असतो, आणि त्याचं कारण होडीत नाही, हवेत आहे. पाण्याला घासून जाणारा वारा मंदावतो, उंचावर तो जोरात असतो. त्यात होडी स्वतः पुढे जात असल्याने तिच्यावरच्या माणसाला वारा खऱ्यापेक्षा जास्त समोरून आल्यासारखा वाटतो, मोटरसायकलवर वाटतो तसा. वर वारा जोरात, होडीचा वेग मात्र तोच. म्हणून शेंड्याला वारा जरा बाजूने लागतो. खाली ताशी १० किलोमीटर वारा, शेंड्याशी १२ आणि होडीचा वेग ६ धरून मी एकदा गणित मांडलं. फरक निघाला दोनेक अंशांचा. एवढ्याने काय होतं, असं मलाही वाटलं होतं. पण दोन-चार अंश इकडेतिकडे झाले की शीड पुढच्या कडेला फडफडतं किंवा त्याच्या पाठीवरची हवा सुटते.

आमची होडी जुळे सोलापुरातल्या एका अंगणात मरीन प्लायमधून उभी राहिली. १४ फूट, बुड जरा गोलमटोल. आराखड्यात ट्रॅकची जागा सेंटिमीटरमध्ये दिलेली होती, पण ती आराखडेकाराच्या शिडासाठी. आमचं पहिलं जिब ताडपत्रीचं. विणलेलं काहीही ताण्याच्या किंवा बाण्याच्या, म्हणजे उभ्या किंवा आडव्या धाग्यांच्या, दिशेने ओढलं तर फारसं वाढत नाही. तिरपं ओढलं की भसकन वाढतं. हे या गावात मागावर बसलेल्या कुणालाही विचारा. म्हणूनच आडव्या पट्ट्यांचं शीड शिवणारे कारागीर पट्टे मागच्या कडेला काटकोनात लावतात, म्हणजे बाण्याचे धागे त्या कडेच्या दिशेने जातात आणि ताण धाग्यावर येतो. आम्ही ताडपत्री कापताना कापड वाचवण्याचा विचार केला, धाग्याचा नाही. जोराच्या वाऱ्यात कोपरा चार बोटं मागे सरकायचा आणि त्याच्याबरोबर कप्पीची योग्य जागाही.

म्हणून माझं ठाम मत: शीड चढवून बघेपर्यंत डेकला भोक पाडू नये.

सुरुवातीचा अंदाज सोपा आहे. होडी अंगणातच ठेवून शीड चढवायचं, दोर हाताने ताणायचा आणि त्याची रेघ कोपऱ्यातून पुढे शिडावर वाढवायची. ती पुढच्या कडेला साधारण मध्यावर भेटली पाहिजे. हीच रेघ उलट दिशेने डेकपर्यंत आणली की ट्रॅकचा मध्य मिळतो. तिथून पुढे-मागे वीतभर जागा ठेवायची. ताडपत्री असेल तर दीड वीत.

आडव्या दिशेचं काम कोनाचं. नाळेवर जिथे जिबचा पुढचा कोपरा बांधलाय, तिथून होडीच्या मध्यरेषेशी कप्पी किती अंशांवर दिसते ते मोजायचं. शर्यतीच्या सडपातळ होड्या ७ ते ९ अंशांवर जातात. आमच्यासारख्या गोलमटोल होडीला १२ बरे. नाळेपासून २ मीटर मागे १० अंश म्हणजे मध्यरेषेपासून ३५ सेंटिमीटर, १२ अंश म्हणजे साडेबेचाळीस. कप्पी फार आत घेतली तर जिबवरून निघालेली हवा मागच्या मोठ्या शिडावर आदळते, होडी कलते आणि रेंगाळते. फार बाहेर ठेवली तर होडीला समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या पुरेसं जवळ जाता येत नाही.

या दोन शिडांमधल्या फटीतून हवा नळीतल्यासारखी जोरात जाते आणि त्यामुळे होडी पळते, असं अजूनही सांगितलं जातं. विमानांच्या हवागतीचे अभ्यासक आर्व्हेल जेंट्री यांनी १९७० च्या दशकात ते खोडून काढलं. फटीत शिरणारी हवा उलट कमी होते. अडलेली हवा जिबच्या बाहेरून वळसा घेते आणि जिबला जास्त जोर मिळतो. फट महत्त्वाची आहेच, पण नळी म्हणून नव्हे.

ट्रॅकसाठी आम्ही एक जुगाड केला होता: अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीची पट्टी. दिसायला झकास. पण खिडकीची काच पट्टीवर वरून बसते, जिबचा दोर पट्टीला वर उपटतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ४ चौरस मीटरच्या शिडावर ताशी १५ किलोमीटर वाऱ्यात चारेक किलोंचा भार असेल तर ३० च्या झोतात तो चौपट, म्हणजे १६-१७ होतो. शिवाय दोर कप्पीत काटकोनात वळला तर कप्पीवरचा ओढा दोरातल्या ताणाच्या १.४ पट. पट्टीचे ओठ दुसऱ्याच दिवशी उघडले. मग होडीचा खरा ट्रॅक मागवला आणि लाकडी स्क्रूऐवजी आरपार बोल्ट घातले, डेकखाली प्लायचा जाड तुकडा देऊन. प्रत्येक भोक आधी मोठं पाडून इपॉक्सीने भरायचं आणि त्यातच पुन्हा बोल्टच्या मापाचं पाडायचं. कंटाळवाणं काम आहे, पण हे टाळलं तर प्लायच्या कडेतून पाणी शिरतं आणि डेक आतून कुजतो.

अंगणातला अंदाज तपासायला उजनीच्या फुगवट्यावर गेलो. धरण ‘प्लस’मध्ये, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्या वर, आल्यावरच अर्थात, ‘मायनस’मध्ये असताना होडी चिखलातून किती ओढायची? जिबच्या पुढच्या कडेपासून वीतभर मागे खाली, मध्ये आणि वर, दोन्ही अंगांना लोकरीचे धागे चिकटवले होते. होडी हळूहळू वाऱ्याकडे वळवायची आणि वाऱ्याच्या अंगाचे धागे बघायचे. तिन्ही एकदम उडायला लागले तर कप्पी जागेवर आहे. वरचा आधी उडाला तर शेंडा जास्त वळलाय, कप्पी पुढे घ्या. खालचा आधी उडाला तर मागे.

आमचा वरचा उडाला. कप्पी ट्रॅकवरची दोन भोकं पुढे. मग तिन्ही जवळपास एकत्र.

दुपारी वारा वाढला तेव्हा कप्पी मुद्दाम मागे नेली. मागची कड सैल झाली, शेंड्याने वारा सोडला आणि होडीचा कल कमी झाला. वाऱ्याचा जोर जितक्या उंचीवर, तितका तो होडीला उलटवायला जास्त टपलेला. वळवाच्या दिवसांत मात्र कुठलंही भोक उपयोगी नाही. मे २०२४ मध्ये याच पाण्यावर कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी होडी वादळात उलटून सहा जण गेले. पश्चिमेला आभाळ काळवंडलं की आम्ही शीड उतरवून वल्ह्यांनी काठाला येतो, लाइफ जॅकेट अंगावरच असतं.

ट्रॅकशेजारी आता पेन्सिलीच्या तीन खुणा आहेत: मंद, मध्यम, जोराचा. यंदा पॉलिएस्टरचं शीड शिवून आलंय. पहिल्याच दिवशी मध्यमची खूण पाच सेंटिमीटर पुढे गेली. जुनी अजून खोडलेली नाही.