न्यूमॅटिक सिलिंडर

न्यूमॅटिक सिलिंडर म्हणजे दाबलेल्या हवेच्या जोरावर एखादी वस्तू सरळ रेषेत ढकलणारं किंवा ओढणारं साधन. कोकणात घराघरात सिलिंडर म्हणजे गॅसचाच, त्यामुळे एमआयडीसीत नवीन लागलेल्या पोराला फिटरने 'स्टोअरमधून सिलिंडर घेऊन ये' सांगितलं की तो आधी गोंधळतो. इथे हवा साठवायची नसते, हवा आत आली की दांडा पुढे सरकतो आणि काम होतं. रंगपंचमीची पिचकारी डोळ्यासमोर आणा, तिथे आपण दांडा दाबतो आणि पाणी बाहेर उडतं, इथे सगळं उलटं, म्हणजे हवा आत घुसवायची आणि दांडा बाहेर येतो.

बाहेरचा नळा म्हणजे बॅरल, तो हल्ली बहुतेक ॲल्युमिनियमचा आणि आतून गुळगुळीत असतो. त्यात पिस्टन, पिस्टनला जोडलेला रॉड (स्टीलचा, वर हार्ड क्रोम), दोन्ही टोकांना झाकणं आणि त्या झाकणांत हवेची भोकं म्हणजे पोर्ट. पिस्टनच्या कडेला रबराची सील असते, ओठासारखी, हवेचा दाब आला की ती स्वतःच फुगून नळ्याला घट्ट चिकटते, म्हणून दाब जास्त तसं सीलिंग चांगलं. रॉड जिथून बाहेर येतो तिथे आणखी एक सील आणि त्याच्यापुढे वायपर, जो रॉड आत जाताना त्याच्यावरची धूळ-मीठ पुसून घेतो. पिस्टनवर बरेचदा एक चुंबकाचं कडं बसवलेलं असतं, बाहेरून लावलेला रीड स्विच ते ओळखतो आणि पिस्टन कुठे पोचला हे कंट्रोलरला कळतं. रीड स्विच खोबणीतून दोन मिलीमीटर सरकला तरी अख्खी मशीन उभी राहते आणि लोक तासभर सिलिंडर खोलत बसतात, हे मी एकदा नाही बऱ्याचदा बघितलंय.

जोराचं गणित सोपं आहे, दाब गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ. कारखान्यांत लाईनला साधारण ६ बार दाब असतो, बार हे दाबाचं माप. ५० मिमी बोअरचा, म्हणजे नळ्याचा आतला व्यास तेवढा असलेला, सिलिंडर घेतला तर पिस्टनचं क्षेत्रफळ १९६३ चौरस मिमी, आणि ६ बार म्हणजे चौरस मिलीमीटरला ०.६ न्यूटन, म्हणजे जोर झाला ११७८ न्यूटन, आपल्या भाषेत १२० किलो. पण हे पुढे ढकलताना. मागे ओढताना रॉडची जागा वजा होते, २० मिमीचा रॉड असेल तर जोर ९९० न्यूटनवर येतो, म्हणजे १०० किलोच्या आसपास. घर्षण वगैरे धरून यातला काही भाग असाच जातो, म्हणून नेमकं हिशोबाइतकं वजन कधी लावायचं नाही. बोअर दुप्पट केला की जोर चौपट होतो, हे लक्षात ठेवलं की कॅटलॉग अर्धा कळला.

हवा कुठल्या बाजूला सोडायची हे ठरवतो व्हॉल्व्ह. डबल ॲक्टिंगला, म्हणजे ज्याला दोन्ही बाजूंनी हवा देतात त्या सिलिंडरला, बहुतेक ५/२ व्हॉल्व्ह लागतो, दुकानात सगळे फाईव्ह-टूच म्हणतात: पाच तोंडं, दोन अवस्था. एका बाजूला हवा जाते तेव्हा दुसऱ्या बाजूची हवा त्याच व्हॉल्व्हमधून फुस्स करून बाहेर पडते. वेग कमी करायचा असेल तर आत येणाऱ्या हवेचा नळ न आवळता बाहेर जाणाऱ्या हवेचा आवळायचा, म्हणजे पिस्टनच्या पुढ्यात हवेची उशी राहते आणि चाल एकसारखी होते, नाहीतर रॉड अडकत-अडकत, झटके देत जातो. टोकाला पोचताना धडकू नये म्हणून झाकणात कुशनिंगचा छोटा स्क्रू असतो, तो शेवटच्या काही मिलीमीटरात हवा कोंडतो.

हवा दाबली की आक्रसते, सोडली की पसरते, म्हणून न्यूमॅटिक सिलिंडर मधेच कुठेतरी नेमका थांबवणं कठीण. तेवढा नेमकेपणा किंवा टनावारी जोर हवा असेल तर हायड्रॉलिक घ्यावं, तिथे तेलाचा दाब शेकडो बारमध्ये असतो. हवेची बाजू म्हणजे वेग, स्वच्छता आणि ठिणगी नाही. लोटे परशुरामला केमिकलच्या प्लांटमध्ये पाईपवरचे व्हॉल्व्ह उघडायला-मिटायला हवेचे ॲक्चुएटर दिसतात त्याचं हेही एक कारण, आणि आतला स्प्रिंग हवा गेली तरी व्हॉल्व्हला सुरक्षित अवस्थेत नेतो.

प्रकार म्हणाल तर मुख्य दोन. सिंगल ॲक्टिंगमध्ये हवा एकाच बाजूने येते, परत आणायचं काम स्प्रिंगचं. हवा निम्मी लागते, पण स्प्रिंगला जागा लागते म्हणून स्ट्रोक, म्हणजे रॉडची चाल, आखूड, आणि थोडा जोर स्प्रिंग दाबण्यातच जातो. वस्तू धरून ठेवणं, शिक्का मारणं, असल्या कामाला हा पुरतो. डबल ॲक्टिंगमध्ये दोन्ही बाजूंना हवा, त्यामुळे जाताना-येताना दोन्हीकडे जोर आणि स्ट्रोक लांब. बाजारात सर्वात जास्त खपतो तो हाच. आयएसओ १५५५२ प्रमाणे ३२ ते ३२० मिमी बोअरची मापं ठरलेली आहेत आणि ८ ते २५ मिमीच्या छोट्या गोल सिलिंडरना आयएसओ ६४३२, म्हणून एका कंपनीचा खराब झाला तर दुसऱ्या कंपनीचा त्याच भोकांवर बसतो. आडबाजूच्या प्लांटला याचं महत्त्व विचारा, जिथे स्पेअर पुण्याहून घाट उतरून यायला दोन दिवस जातात.

सिंगल ॲक्टिंगचं सगळ्यात ओळखीचं रूप मात्र कारखान्यात नाही, रस्त्यावर आहे. ट्रक आणि एसटीच्या एअर ब्रेकमध्ये पिस्टनऐवजी रबराचा पडदा असतो, त्याला डायफ्राम चेंबर म्हणतात. पेडल दाबलं की पडद्यावर हवा येते, पडदा पुढे येऊन दांडा ढकलतो. पार्किंगच्या ब्रेकमध्ये उलटं केलेलं असतं: आत जबरदस्त ताकदीची स्प्रिंग, ती नेहमी ब्रेक लावायला बघते आणि हवा तिला मागे दाबून धरते. म्हणजे हवा गेली तर गाडी घरंगळत नाही, उलट जागेवर जखडते. सकाळच्या पहिल्या गाडीला ड्रायव्हर इंजिन चालू करून थांबलेला दिसतो, मागून कोणीतरी प्रवासी 'काय हो, काढा ना गाडी' म्हणतो, पण काट्याने दाब दाखवल्याशिवाय ती गाडी हलतच नाही, आणि आंबा घाट किंवा कशेडी उतरायच्या आधी तसंच असलेलं बरं. रेल्वेतही तेच तत्त्व आहे: भारतीय रेल्वेच्या एअर ब्रेक गाड्यांत ब्रेक पाईपला चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब भरलेला असतो आणि तो उतरवला की प्रत्येक डब्याखालच्या सिलिंडरमध्ये टाकीतली हवा जाऊन ब्रेक लागतात, म्हणून डबा तुटून वेगळा झाला, पाईप फाटला, तरी ब्रेक आपोआप लागतो. या स्वयंचलित ब्रेकचं श्रेय जॉर्ज वेस्टिंगहाउस यांना. एअर ब्रेकचं त्यांचं पहिलं पेटंट १८६९ चं, स्वयंचलित ब्रेकचं १८७२ चं. १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावणाऱ्या कोकण रेल्वेवर बोगदे-पूल ओलांडताना खाली हेच चाललेलं असतं.

बाकीचे प्रकार गरजेतून आलेले. जागा नसेल तर कॉम्पॅक्ट, बुटका आणि जाड. दोन्ही बाजूंनी रॉड बाहेर असला तर थ्रू रॉड, त्यात जाता-येता जोर सारखा. एकामागे एक दोन पिस्टन एकाच रॉडवर लावले तर टँडेम, बोअर न वाढवता जवळपास दुप्पट ताकद. टेलिस्कोपिक म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्या. रॉडलेसमध्ये रॉडच नसतो, पिस्टन नळ्याच्या आत धावतो आणि बाहेरचा गाडा चुंबकाने किंवा नळ्यातल्या चिरेतून त्याच्याबरोबर सरकतो. एक मीटर स्ट्रोकचा साधा सिलिंडर रॉड बाहेर आल्यावर जवळपास दुप्पट जागा खातो, रॉडलेस तसं करत नाही. फिरवायचं असेल तर रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि दातेरी चाक) किंवा वेनवाला, म्हणजे आत पातं असलेला, रोटरी. रॉडला आडवा भार आला की बुश (रॉडला आधार देणारं कडं) आणि सील एका बाजूने झिजतात म्हणून गाईडेड सिलिंडर, ज्याला रॉडबरोबर दोन दांडे वेगळे दिलेले असतात.

आता कोकणातली खरी डोकेदुखी, पाणी. हवेचा विचार करताना लोक धुळीचा करतात, पाण्याचा नाही. ३० अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता ९० टक्के असेल, जी जुलैत अगदी सहज असते, तर प्रत्येक घनमीटरमागे कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून टाकीत भरणारं यंत्र, २७ ग्रॅम पाणी ओढतो. ७ बारला (बाहेरच्या हवेचा एक बार धरून एकूण आठ) आठ घनमीटरची हवा एका घनमीटरमध्ये कोंबली, ती टाकीत परत ३० अंशावर आली की तिथे पुन्हा ३० ग्रॅमच मावणार, उरलेलं सगळं थेंब होऊन तळाशी. ताशी ६० घनमीटर हवा ओढणारा, म्हणजे मध्यम आकाराचा कॉम्प्रेसर, आठ तासांच्या पाळीत सुमारे ११ लिटर पाणी काढतो. हे वाचून कुणाला खोटं वाटत असेल तर पावसाळ्यात संध्याकाळी टाकीचा ड्रेन कॉक उघडून खाली बादली धरावी.

रत्नागिरीजवळच्या एका आमरसाच्या कारखान्यात मी मे महिन्यात होतो, डबे दाबणारा सिलिंडर दिवसेंदिवस सुस्त होत गेला. दोनदा सील किट बदलली, काही फरक नाही. शेवटी रॉडच्या बाजूचं झाकण काढलं तर आतून चहाच्या रंगाचं, दुधट पाणी निघालं, ग्रीस धुऊन गेलेलं आणि स्प्रिंग वॉशर गंजून तांबडे झालेले. टाकीचा ऑटो ड्रेन मातीने तुंबलेला होता, सिलिंडरची काही चूकच नव्हती. नंतर तिथे रेफ्रिजरेटेड ड्रायर बसला, जो हवा साधारण ३ अंशाच्या दवबिंदूपर्यंत थंड करून पाणी आधीच काढतो. तो परवडत नसेल तर निदान लाईनला कौलाच्या छपरासारखा उतार द्यावा, मुख्य पाईपवरून खाली उतरणारी नळी पाईपच्या वरच्या अंगातून काढून हंसाच्या मानेसारखी वळवावी आणि शेवटाला ड्रेन ठेवावा, म्हणजे मशीनपर्यंत पाणी येतच नाही. मशीनजवळ एफआरएल असतो, फिल्टर, रेग्युलेटर (दाब ठरवणारा), ल्युब्रिकेटर (हवेत तेल सोडणारा). हल्लीचे बरेच सिलिंडर कारखान्यातच ग्रीस भरून येतात, त्यांना ल्युब्रिकेटर लागत नाही, पण एकदा तेल सुरू केलं की थांबवायचं नाही, कारण मूळचं ग्रीस तेलाबरोबर धुऊन जातं.

किनाऱ्यावर मिठाची हवा आणखी वेगळी. मासळी प्रक्रियेच्या युनिटात रोज धुलाई होते, खारं पाणी आणि क्लोरीन, साध्या क्रोमच्या रॉडवर सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके उठतात आणि तो ठिपका सीलवरून येता-जाता करवतीसारखा रबर कापतो. तिथे स्टेनलेसचा रॉड आणि फूड ग्रेड ग्रीस, याशिवाय भागत नाही.

हवा मोजून वापरायची वस्तू आहे. वरचाच ५० मिमीचा सिलिंडर, २०० मिमी स्ट्रोक, ६ बार, एकदा पुढे आणि एकदा मागे केला की साधारण ५ लिटर मोकळी हवा खातो, मिनिटाला दहा फेऱ्या म्हणजे ५० लिटर. गळती कुठे आहे ते शोधायला साबणाचं पाणी पुरतं. व्हॉल्व्हच्या बाहेर जाणाऱ्या तोंडातून सतत हवा येत असेल तर सिलिंडरच्या रॉडकडची नळी काढून मागून हवा द्यावी. रॉड पूर्ण बाहेर येऊन थांबल्यावरही त्या उघड्या पोर्टातून हवा येत राहिली तर पिस्टनचं सील गेलं, येणं थांबलं तर दोष व्हॉल्व्हमध्ये. एवढी परीक्षा पाच मिनिटात होते.

सिलिंडर खोलायच्या आधी हवा पूर्ण सोडायची, वीज बंद केली म्हणजे हवा गेली असं नाही. आणि काम झाल्यावर मेन कॉक हळूहळू उघडायचा, कारण रिकाम्या सिलिंडरमध्ये बाहेर जाणारी हवाच नसते, वेग आवळणारा नळ त्या पहिल्या खेपेला काहीच करत नाही आणि रॉड गोळीसारखा सुटतो.