मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्याची अक्कल आणि खोडी

कुत्र्यापुढे काठीचा तुकडा फेकला, की कधी कधी तो उचलून थोडा लांब जातो, पुढ्यात ठेवतो आणि जमिनीलगत बसून राहतो. मालक तुकडा घ्यायला अगदी जवळ आला, की झटकन तो तोंडात धरून ऐटीत पळ काढतो. मग पुन्हा तोच डाव. चार्ल्स डार्विनने ‘द डिसेंट ऑफ मॅन’ या ग्रंथात हे वर्णन केलं आणि कुत्र्याला नुसत्या खेळकरपणापलीकडची विनोदबुद्धी असते, असं मत मांडलं.

या खोडीतली खरी गोम वेळ साधण्यात आहे. समोरचा किती जवळ येईपर्यंत थांबायचं आणि नेमकं कधी उठायचं, हे कुत्र्याला अचूक कळावं लागतं. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगरांत मेंढ्या वळणारा बॉर्डर कोली जातीचा कुत्रा दिवसभर हाच हिशेब करत असतो. फक्त तिथे जवळ जाणारा तो असतो आणि पळण्याच्या बेतात मेंढ्या असतात.

परकं जनावर ठरावीक अंतराच्या आत आलं की मेंढी पळते. त्याबाहेर असेपर्यंत नुसती बघत राहते. हे अंतर दर मेंढीचं, दर जागेचं वेगळं. सोबत कोकरू असेल तर एखादी पळायचं सोडून पाय आपटत समोर उभी ठाकते. म्हणून चांगला कुत्रा कळपाकडे सरळ धावत नाही. मालकाने सोडलं की तो लांबून वळसा घालतो, कळपाला बिचकू न देता पलीकडे पोहोचतो आणि तिथे वेग मोडतो. मान खाली, शेपूट खाली, नजर रोखलेली, एकेक पाऊल तोलून टाकलेलं. मेंढ्यांचे कान उभे राहतात, माना वळतात आणि एखादी म्होरकी पाऊल उचलते. पुढचं सगळं त्या पहिल्या पावलावर ठरतं. कुत्र्याने घाई केली तर कळप उधळतो. फार रेंगाळला तर याच्यात दम नाही, हे मेंढ्या लगेच ओळखतात.

ही नजर लांडग्याची. सावज हेरायचं, नजर रोखायची, दबकत जायचं, पाठलाग करायचा, पकडायचं आणि मारायचं, असा शिकारीचा क्रम असतो. माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करत यातला आधीचा भाग ठळक केला आणि शेवटचा दाबून टाकला. इंग्लंडमधल्या नॉर्थंबरलंडच्या ॲडम टेल्फर यांच्याकडे रॉय नावाचा मोकळ्या स्वभावाचा कुत्रा होता आणि मेग नावाची लाजरी, पण अत्यंत तीव्र नजरेची कुत्री होती. १८९३ मध्ये त्यांच्या पोटी ओल्ड हेम्प जन्मला. मेंढ्यांना शांतपणे, नुसत्या वावराने हलवणारा हा कुत्रा १९०१ मध्ये गेला, पण आजच्या बहुतेक बॉर्डर कोलींची वंशावळ त्याच्यापाशी जाऊन पोहोचते.

आपल्याकडच्या धनगरांचा कुत्रा याच्या अगदी उलट. वाड्याबरोबर, म्हणजे धनगरांच्या फिरत्या तळाबरोबर, हिंडणाऱ्या त्या कुत्र्याचं काम राखणीचं. रात्री लांडग्याची चाहूल लागली की भुंकायचं आणि वेळ पडली तर भिडायचं. मेंढरं वळवतो धनगर स्वतः. राखणीच्या कुत्र्याने मेंढरांवर नजर रोखून कसं चालेल? त्याच्या शेजारी ती बिनघोर बसायला हवीत.

कळप गोळा का होतो, याचं एक सुरेख उत्तर जीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९७१ मध्ये दिलं होतं. धोका दिसला की प्रत्येक जनावर दुसऱ्याच्या आड जाऊ बघतं, त्यातून कळप घट्ट होतो. पुढे ऑस्ट्रेलियात ४६ मेंढ्यांच्या एका कळपावर आणि तो वळणाऱ्या कुत्र्यावर जीपीएस बांधून संशोधकांनी हालचाली टिपल्या. डॅनियल स्ट्रॉम्बॉम, अँड्र्यू किंग आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की कळप हाकायला दोन नियम पुरतात. कळप विस्कटला असेल तर कडेची मेंढी आत आणायची. एकवटला असेल तर मागून पुढे हाकायचा. संगणकातल्या कुत्र्याने या दोन नियमांवर शंभराहून जास्त मेंढ्या हाकल्या.

तरीही खऱ्या कुत्र्याचं काम या दोन नियमांत मावत नाही. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडच्या निवडक कुत्र्यांच्या अंतिम स्पर्धेत दहा मेंढ्या आणून झाल्यावर त्याला त्या सोडून मागे वळावं लागतं आणि न दिसणाऱ्या दुसऱ्या दहा शोधाव्या लागतात. मग वीसमधून गळ्यात पट्टे असलेल्या पाच वेगळ्या काढायच्या. कळप जुळवणं ज्याच्या रक्तात आहे, त्याने मधोमध घुसून तो फोडायचा! मला स्वतःला यापेक्षा अवघड काम दिसत नाही. मालक लांबून शिट्टीने बोलत असतो. प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासक पॅट्रिशिया मॅकॉनेल यांनी अशा इशाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा छोटे, भराभर येणारे, चढते सूर कुत्र्याला पळवतात आणि लांब, उतरता सूर त्याला थोपवतो, असं आढळलं.

आणि खोडकरपणा? तरुण कोलीला मेंढ्या मिळाल्या नाहीत तर तो बदकं वळतो, कोंबड्या वळतो, अंगणातली पोरंही एका कोपऱ्यात आणून उभी करतो. आपसांत खेळतानाही तेच दबा धरणं, तेच हुलकावणी देणं. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक मार्क बेकॉफ यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की पुढचे पाय पसरून वाकण्याची कुत्र्यांची लकब खेळात मनमानेल तिथे येत नाही. चावण्यासारख्या, गैरसमज होऊ शकेल अशा कृतीच्या मागेपुढे ती नेमकी येते, म्हणजे ‘हे खरं नाही हं’ असं सांगायला. दुसऱ्याच्या मनात काय येईल याचा अंदाज असल्याशिवाय हे जमणार नाही. म्हणून मला डार्विनचं म्हणणं पटतं. मेंढ्या वळण्यात शिकार जिथे थांबते, खेळही तिथेच, खऱ्या चाव्याच्या आधी, थांबतो, आणि दोन्हींत समोरच्याला वाचल्याशिवाय पान हलत नाही.

मालकाचा हात आपल्यापर्यंत पोहोचणार नाही, हेही कुत्र्याला ठाऊक असतं. ‘बस’ची शिट्टी ऐकून आणखी दोन पावलं टाकल्यावरच बसणारे कुत्रे मेंढपाळांच्या चांगल्या ओळखीचे. कधी ती शुद्ध खोडी असते. कधी मात्र मालकाला न दिसणाऱ्या घळीत एक मेंढी मागे राहिलेली असते आणि बसायला नकार देणारा कुत्रा तिला घेऊनच वर येतो. कुठली अवज्ञा मोडून काढायची आणि कुठली जपायची, हे ओळखायला मेंढपाळालाच शिकावं लागतं.