डिलनची दुर्मिळ ध्वनिमुद्रणं आली कुठून?

खासगी मैफिलीची टेप म्हणजे काय, हे इंदूर-देवासच्या मराठी घरांना सांगायला नको. कुमारजींची (कुमार गंधर्वांची) बैठक कुणीतरी स्पूलवर घ्यायची, मग ती कॅसेटवर उतरायची, त्या कॅसेटवरून आणखी कॅसेटी निघायच्या. चौथ्या हातात येईपर्यंत तंबोरा खरखरीत बुडालेला असायचा. इथली जी मंडळी आता अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलनची मुद्रणं जमवू लागली आहेत, त्यांना हा इतिहास त्यामुळेच ओळखीचा वाटेल.

डिलन जानेवारी १९६१ मध्ये न्यूयॉर्कला आला. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने त्याची पहिली तबकडी त्याच नोव्हेंबरात दोन दिवसांत उरकली. तेरा गाण्यांत त्याची स्वतःची दोनच, आणि खप इतका बेताचा की निर्माते जॉन हॅमंड यांची कंपनीत टिंगल झाली. त्या काळातला खरा ऐवज मात्र लोकांच्या घरांत होता. २२ डिसेंबर १९६१ ला मिनियापोलिसमध्ये एका मैत्रिणीच्या बिऱ्हाडी तो ओळीने सव्वीस गाणी गायला आणि मित्राने टेप चालू ठेवली. त्या बिऱ्हाडाला सगळे गमतीने ‘हॉटेल’ म्हणत, म्हणून ही ‘हॉटेल टेप’. १९६९ मध्ये लॉस एंजेलिसला कोऱ्या पांढऱ्या वेष्टनात ‘ग्रेट व्हाइट वंडर’ ही चोरटी तबकडी निघाली. तिच्यातला बराच माल याच टेपचा होता.

संग्राहक जिच्यासाठी जीव टाकतात ती वस्तू मात्र कंपनीचीच. मे १९६३ च्या ‘फ्रीव्हीलिन’ या त्याच्या तबकडीतून चार गाणी ऐनवेळी काढून दुसरी घातली गेली, पण तोवर काही प्रती छापून झाल्या होत्या. गंमत अशी की त्यातल्या काहींच्या लेबलावर नवी गाणी छापलेली आणि वाजतात जुनी! त्यामुळे लेबलावर विसंबून चालत नाही. तबकडी तिरकी धरून आतल्या गुळगुळीत कड्यातला कोरीव क्रमांक वाचावा लागतो. चारांपैकी दोन गाणी १९९१ च्या ‘बूटलेग सिरीज’मध्ये, म्हणजे कंपनीनेच काढलेल्या अप्रकाशित मुद्रणांच्या मालिकेत, रीतसर आली आहेत. म्हणजे पैसे मोजायचे ते त्या क्रमांकाचे, गाण्याचे नव्हेत.

२०१२ मध्ये तर कंपनीनेच दुर्मिळता तयार केली. युरोपच्या नव्या नियमाने ध्वनिमुद्रणाचा हक्क पन्नासवरून सत्तर वर्षांवर गेला, पण पहिल्या पन्नास वर्षांत प्रकाशित झालेल्यांपुरताच. मग कोलंबियाची मालक असलेल्या सोनीने १९६२ चं शिल्लक मुद्रण घाईने चार सीडींवर भरून जेमतेम शंभर प्रती काढल्या. विक्रीचा हेतू नव्हताच, हक्क राखायचा होता.

माझ्या मते त्या शंभरांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. २०१० चा ‘विटमार्क डेमो’ संच आधी मिळवावा. विटमार्क आदी गीतांच्या प्रकाशकांसाठी नमुना म्हणून १९६२ ते ६४ मध्ये केलेली ही सत्तेचाळीस मुद्रणं. ‘फ्रीव्हीलिन’मधून वगळलेली काही गाणीही त्यात आहेत, आणि त्यांतलं एक गाता गाताच तो सांगतो की हे फार वेळा गाऊन आता कंटाळा आलाय.