द्राक्षाची काडी कितीही तापवा, ग्राफाइट का होत नाही?

एप्रिलची खरड छाटणी झाली की निफाड-दिंडोरीच्या बांधांवर काड्यांचे ढीग लागतात. त्यांच्याकडे बोट दाखवून कोणीतरी हमखास सांगतं: या भट्टीत घाला, ग्राफीन (म्हणजे ग्राफाइटचा एका अणूएवढ्या जाडीचा सुटा थर) तयार. काडीत कार्बन, ग्राफीनही कार्बनच, मधे फक्त उष्णता घालायची! हिशेब इतका सोपा असता तर चुलीच्या राखेखालीही ग्राफीन सापडलं असतं.

काडी हवेशिवाय तापवली की आधी पाणी जातं. मग साधारण 250 ते 400 अंश सेल्सिअसच्या दरम्यान सेल्युलोज आणि लिग्निन हे लाकडाचे मुख्य घटक मोडून धूर, डांबर, वायू निघतात आणि वजनाच्या पाव ते तिसरा हिस्सा कोळसा उरतो. त्यातले बरेचसे अणू षटकोनी जाळीत बसू लागलेले असतात, पण जाळीचे तुकडे एक-दोन नॅनोमीटरचे आणि चुरगळलेले. ग्राफाइटमध्ये हीच जाळी दूरवर सपाट पसरते आणि थरावर थर 0.335 नॅनोमीटरवर बसतो.

जुन्या नाशकातले तांबट ठोकून कडक झालेलं भांडं लाल तापवतात आणि ते पुन्हा मऊ होतं, कारण त्या उष्णतेत तांब्याचे अणू सरकून नव्याने मांडले जातात. कार्बनलाही हे जमतं, पण त्याचे बंध इतके घट्ट की भट्टी 2500 ते 3000 अंशांवर न्यावी लागते. आणि तिथेही सगळे कार्बन ऐकत नाहीत.

ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रोझालिंड फ्रँकलिन यांनी 1951 मध्ये हीच गोष्ट क्ष-किरणांनी दाखवली. पीव्हीसीपासून केलेला कोळसा तापवत नेला की त्याचं ग्राफाइट होतं. पीव्हीसीच्याच जवळच्या नात्यातल्या, फक्त जास्त क्लोरीनच्या पॉलिव्हिनायलिडीन क्लोराइडचा कोळसा 3000 अंशांनाही दाद देत नाही. फरक पडतो तो सुरुवातीलाच, चार-पाचशे अंशांवर. पीव्हीसी किंवा डांबर त्या टप्प्यावर वितळतं. त्या दाट द्रवात चपटे रेणू मोकळे असतात, काकवीत पडलेल्या पानांसारखे फिरत फिरत एकमेकांना समांतर होतात आणि तसेच गोठतात. पुढची भट्टी फक्त या चळतीतल्या सुरकुत्या काढते. काडी मात्र कधी वितळतच नाही. तिच्या रेणूंच्या साखळ्या ऑक्सिजनच्या पुलांनी आडव्या बांधलेल्या असतात, त्यामुळे थर जिथल्या तिथे, हव्या त्या कोनात घट्ट अडकतात. हे थर वाकलेले राहण्यात फुलरीनसारख्या (कार्बनच्या चेंडूसारख्या पोकळ रेणूसारख्या) पंचकोनी कड्यांचाही हात असावा. नंतर तापमान वाढवलं की थर लांबतात, मधली छिद्रं बंद होत जातात, पण चळत काही लागत नाही. याला ‘हार्ड कार्बन’ म्हणतात. सोडियम-आयन बॅटरीला नेमका हाच हवा असतो: 1000 ते 1500 अंशांवर भाजलेला, थरांत 0.37 नॅनोमीटरच्या आसपास अंतर असलेला. म्हणजे काडीचा हट्ट वाया जात नाही; गिऱ्हाईक वेगळं आहे, इतकंच.

समईच्या काजळीचंही असंच. तिचे गोळे बहुधा 20 ते 50 नॅनोमीटरचे, कांद्यासारखे गोल थरांचे. 2700 अंशांवर ते पोकळ होऊन पैलूदार बनतात, पण गोळ्याच्या हद्दीबाहेर थर वाढू शकत नाहीत. काजळीतल्या या नॅनोकणांवरून पूर्वजांना नॅनोतंत्रज्ञान अवगत होतं असं सांगणारे भेटतात. मग तो मान रॉकेलच्या चिमणीलाही द्यावा लागेल.

प्रत्यक्ष भट्टीत काय बिघडतं? कॉलेजातली मफल भट्टी 1100-1200 अंशांपर्यंत जाते, पण ती वायूबंद नसते. कोळसा जळतो आणि बशीत पांढरी राख राहते. म्हणून नळीची भट्टी घ्यायची, नायट्रोजन सतत सोडायचा आणि तापमान मिनिटाला 5 अंशांनी वाढवायचं. बाहेर जाणारी नळी डांबराने तुंबते, ती बघत राहावं लागतं. 2000 अंशांच्या आसपास नायट्रोजन स्वतःच कार्बनशी भिडून विषारी सायनोजेन बनवतो, तिथे आरगॉनच लागतो. काडीत पोटॅशही भरपूर. 700 अंशांच्या वर ते कोळसा खातं आणि छिद्रं पाडतं, म्हणून कोळसा आधी सौम्य आम्लाने धुवायचा. भट्टी गार व्हायच्या आत बारीक पूड बाहेर काढली तर ती हवेत पेट घेऊ शकते.

कार्बनची मांडणी किती सुधारली हे लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून बघतात; त्या रामन वर्णपटातही एक सापळा आहे. 1350 cm⁻¹ च्या (बिघाडाच्या) शिखराचं 1580 cm⁻¹ च्या शिखराशी गुणोत्तर कमी झालं की मांडणी सुधारली, असं सरसकट लिहिलं जातं. थरांचे तुकडे दोन नॅनोमीटरहून लहान असतात तेव्हा सुधारणा होताना हे गुणोत्तर उलट वाढतं.

हट्टी कोळशाला वळवायचा एक मार्ग आहे, लोखंडाचा. कोळशाच्या वजनाच्या दहाव्या भागाइतकं लोखंड बसेल एवढ्या फेरिक नायट्रेटच्या द्रावणात पूड भिजवायची, वाळवायची आणि नायट्रोजनमध्ये 1000 अंशांवर दोन तास ठेवायची. पहिले 300 अंश मिनिटाला एक-दोन अंशांनीच चढायचे. नायट्रेट आणि कोळसा हे फटाक्यांच्या दारूचंच कूळ आहे. तापून नायट्रेटचं लोखंडाचं ऑक्साइड होतं आणि पुढे कार्बन स्वतःच त्यातून लोखंड मोकळं करतो. लोखंडाचा बारीक कण अस्ताव्यस्त कार्बन पोटात घेतो आणि पृष्ठभागावर ग्राफाइटचे थर करून बाहेर टाकतो, 3000 अंशांचं काम 1000 वर. मग हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर ठेवून लोखंड धुऊन काढायचं. धुऊन वाळवलेल्या पुडीजवळ चुंबक न्या, पूड टपकन चिकटते. काही कणांभोवती ग्राफाइटचं कवच इतकं पक्कं बसलेलं असतं की आम्ल आत शिरतच नाही.